जुना गुन्हा आणि नवा संसार

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा नदीच्या काठी इंदापूर तालुक्यातील निरवांगी हे गाव आहे. नदी ओलांडली की तालुका बदलतो आणि जिल्हाही बदलतो. पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. परंतु या सीमेने एखादी सोयरीक अडवल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. पिढ्यान्‌पिढ्या पलीकडच्या मुली अलीकडे नांदायला आल्या आणि अलीकडच्या पलीकडे गेल्या. लग्नाच्या बैठकीत मुलाची जमीन किती, तिला पाणी कोणते, उसाची नोंद कोणत्या कारखान्याकडे, एवढ्याची चौकशी होत असे. मुलाने पूर्वी कोणती सीमा कोणत्या तारखेला ओलांडली आणि परत फिरण्याच्या तारखेला तो परत फिरला की नाही, हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसता.

आज तो प्रश्न याच पट्ट्यातील घरांच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. बारामती-पुण्याच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन, जमीन गहाण टाकून वा शैक्षणिक कर्ज काढून मुले अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, जर्मनी या देशांत जातात. बहुसंख्य मुले नियमाने जातात आणि नियमाने राहतात. परंतु काहींचा अभ्यासक्रम अर्धवट सुटतो, काहींना फसवी संस्था गाठते, काही जण कर्जाच्या हप्त्यांपायी परवानगीपेक्षा अधिक तास काम करतात, तर काहींची व्हिसाची मुदत संपते आणि रिकाम्या हाताने गावी परतण्याची लाज त्यांना विमानतळावर जाऊ देत नाही. पुढे तेथेच एखादी सहचारिणी भेटते, विवाह होतो आणि पति-पत्नी या नात्याने व्हिसासाठी अर्ज करण्याची वेळ येते. त्या अर्जात एक रकाना असतो: यापूर्वी आपण कोणत्याही देशाच्या प्रवेशविषयक कायद्याचा भंग केला आहे काय? या एका रकान्यापाशी अनेक संसार वर्षानुवर्षे थांबून राहतात.

हा प्रश्न पंजाब वा गुजरातचा आहे, महाराष्ट्राचा नाही, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्याकडे आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे लोक बहुसंख्य होते हे खरे. परंतु तिघे महाराष्ट्राचे होते. तीन ही संख्या लहान आहे, म्हणून ती दुर्लक्षणीय ठरत नाही. बेकायदा वास्तव्य करणाऱ्याची मोजदाद तो पकडला गेल्यावरच होते. जो पकडला गेला नाही, पण ज्याच्या कागदावर डाग पडला आहे, तो कोणत्याच आकड्यात येत नाही. तो येतो तो केवळ पत्नीच्या वा पतीच्या अर्जात.

परत या, म्हणजे येता येणार नाही

या बाबतीत निरनिराळ्या देशांनी केलेले कायदे पाहिले तर त्यांतील तर्क आणि तर्कदुष्टता दोन्ही ध्यानात येतात. अमेरिकेने १९९६ साली केलेल्या कायद्यानुसार जो परदेशी माणूस तेथे १८० दिवसांहून अधिक, परंतु एक वर्षाहून कमी काळ बेकायदा राहिला आणि मग देशाबाहेर गेला, त्याला तीन वर्षे पुन्हा प्रवेश नाही. एक वर्ष वा त्याहून अधिक काळ राहिला असेल, तर दहा वर्षे नाही. वरवर पाहता ही शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात आहे असे वाटते. तथापि या तरतुदीत एक चमत्कारिक पेच आहे. ही बंदी बेकायदा राहिल्याने लागू होत नाही. ती देश सोडल्याने लागू होते. म्हणजे जो कायद्याचे म्हणणे ऐकून परत फिरतो, त्याच्यावर दार बंद होते. जो लपून बसतो, त्याच्यावर ते निदान बंद तरी झालेले नसते.

अमेरिकन नागरिकाशी ज्याचा विवाह झाला आहे आणि ज्याने मुळात रीतसर तपासणी होऊन प्रवेश केला होता, त्याला नंतर मुदत उलटून गेली असली तरी सामान्यतः देश न सोडता तेथल्या तेथे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ग्रीन कार्डधारकाच्या पतीला वा पत्नीला मात्र ही सवलत त्याच स्वरूपात मिळत नाही. आणि ज्याला ती मिळते, त्यानेही अर्ज निकाली निघण्यापूर्वी, पूर्वपरवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकले, तर तीन वा दहा वर्षांची बंदी त्याच्या मानगुटीवर बसते. निरवांगीसारख्या गावात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वडील गेल्याची बातमी येते. नीरेच्या काठी दहाव्याला थोरल्या मुलाची वाट पाहिली जाते. आणि तो येत नाही. गाव म्हणते, साहेब झाला, बाप विसरला. तो विसरलेला नसतो. तो आला, तर त्याची बायको आणि लेकरे दहा वर्षे तिकडे आणि तो इकडे, असा हिशोब त्याच्यापुढे असतो. आणि तो हिशोब त्याला टेलिफोनवर आईलाही नीट सांगता येत नाही.

ज्याने तपासणीवाचून सीमा ओलांडली, त्याची स्थिती अधिक बिकट असते. त्याला बहुधा मायदेशातील अमेरिकन वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागतो; म्हणजे देश सोडावा लागतो; म्हणजे बंदी ओढवून घ्यावी लागते. यावर माफीची तरतूद आहे, आणि २०१३ पासून काही अर्जदारांना देश सोडण्यापूर्वीच ती तात्पुरती मिळवता येते. परंतु त्यासाठी अमेरिकन नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या पती, पत्नी अथवा आई-वडिलांना ‘अत्यंतिक हालअपेष्टा’ सोसाव्या लागतील हे सिद्ध करावे लागते. ताटातुटीचे नेहमीचे दुःख त्याला पुरेसे मानले जात नाही. मुलांचे हाल स्वतंत्रपणे मोजले जात नाहीत; त्या हालांनी आईला वा बापाला जेवढा त्रास होईल, तेवढाच जमेस धरला जातो. मायेचे असे मोजमाप करणारा तराजू कारकुनी डोक्यातूनच निघू शकतो.

माफी मिळाली तरी प्रवेशाची हमी मिळते असे नाही. सँड्रा मुन्योझ या अमेरिकन नागरिक असलेल्या स्त्रीच्या प्रकरणात हे दिसून आले. तिचा एल साल्वादोरचा पती पूर्वी बेकायदा अमेरिकेत आला होता. विवाहानंतर दोघांनी विहित मार्ग पत्करला आणि तो व्हिसासाठी मायदेशी गेला. तेथे, त्याच्या अंगावरील गोंदणावरून तो एका गुन्हेगारी टोळीचा असावा, अशा संशयाने व्हिसा नाकारण्यात आला. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. विवाह करण्याचा हक्क आहे; एकत्र राहण्यासाठी जोडीदाराला देशात आणण्याचा नाही. सप्तपदी खरी, सहवास मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर, असा या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ आहे.

ऑस्ट्रेलिया आणि युरोप

ऑस्ट्रेलियाचा मार्ग थोडा निराळा आहे. तेथे जोडीदार व्हिसासाठी देशात राहूनच अर्ज करणाऱ्याचा पूर्वीचा रीतसर व्हिसा संपून २८ दिवस उलटले असतील, तर अर्ज मान्य न करण्यामागे काही जादा अटी उभ्या राहतात; सबळ आणि निकडीची कारणे असल्यास अधिकारी त्या शिथिल करू शकतो. ही कारणे अर्ज केला त्या दिवशीचीच पाहायची की निर्णयाच्या दिवशीपर्यंतची, यावर बरीच वर्षे वाद होता. २०१६ साली तेथील फेडरल न्यायालयाच्या पूर्ण पीठाने वैन्सिला प्रकरणात स्पष्ट केले की, अर्जानंतर घडलेल्या गोष्टीही विचारात घेता येतात. अर्ज केल्यावर मूल जन्मले, जोडीदार आजारी पडला, तर त्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. न्यायालयाने अधिकाऱ्यावर दया लादली नाही. त्याने फक्त कॅलेंडरची खोटी भिंत पाडली.

परंतु याच ऑस्ट्रेलियाचा दुसरा एक नियम विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. अर्जात खोटी माहिती वा बनावट कागद दिल्याचे आढळले, तर तीन वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो. स्वतःच्या ओळखीबद्दल खोटे सांगितले असेल, तर दहा वर्षे. पहिल्या प्रकारात अनुकंपेने सूट मिळू शकते; दुसऱ्यात नाही. ब्रिटनच्या सर्वसाधारण व्हिसा-नियमांतही हाच भेद आहे. मुदतीपलीकडे राहिलेला माणूस स्वखर्चाने, आपण होऊन परत गेला, तर बंदी एका वर्षाची. अर्जात फसवणूक केली असेल, तर दहा वर्षांची.

ब्रिटनचा या विषयातील इतिहास भारतीयांना विसरता येण्यासारखा नाही. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आपल्या नियोजित वराशी विवाह करण्यासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची, ती खरोखरच अविवाहित आहे काय हे ठरवण्यासाठी, शारीरिक तपासणी करण्यात आली. संतापाचा उद्रेक झाला तेव्हा ही प्रथा बंद झाली. त्यानंतरही ‘विवाहाचा प्रमुख हेतू’ ब्रिटनमध्ये येणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे, असा नियम होता. आपल्याकडील ठरवून केलेल्या विवाहांना हा नियम सर्वांत जाचक होता, कारण लग्नापूर्वी प्रेमपत्रे लिहिण्याची आपल्या घरांत रीत नव्हती आणि अधिकाऱ्याला पुरावा म्हणून तीच हवी असत. तो नियम १९९७ साली रद्द झाला. त्याआधी, १९८५ साली, अब्दुलअझीझ व इतर दोन स्त्रियांच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, पुरुषाला पत्नी आणणे सोपे आणि स्त्रीला पती आणणे अवघड, हा ब्रिटिश नियमांतील भेदभाव बेकायदा ठरवला होता.

पूर्वीच्या नियमभंगाबाबतचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने २००८ साली चिक्वाम्बा प्रकरणात दिला. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेल्या झिंबाब्वेच्या एका स्त्रीचा ब्रिटनमध्ये विवाह झाला होता, तिला मूल होते. सरकारचे म्हणणे असे की, तिने परत जावे, तेथून अर्ज करावा आणि मग यावे. न्यायाधीशांनी विचारले की, तिला अखेर प्रवेश द्यावाच लागणार असेल, तर केवळ रांगेत उभे राहण्यासाठी तिला समुद्रापार पाठवण्यात कोणते धोरण साधते? त्याला समाधानकारक उत्तर नव्हते. पुढे २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ॲग्यार्को प्रकरणात दुसरी बाजूही मांडली: वास्तव्य अनिश्चित आहे हे ठाऊक असून ज्यांनी संसार थाटला, त्यांना तो संसार ढालीसारखा पुढे करता येईल तो केवळ अपवादात्मक परिस्थितीत. आणि तो अपवाद कसा असतो, याचे उदाहरण नेदरलँड्‌समध्ये सापडते. १९९७ साली पर्यटक व्हिसावर आलेली सुरिनामची एक स्त्री मुदत संपूनही तेथेच राहिली. डच पती आणि तीन मुले यांच्यासह तिचा संसार सोळा वर्षांहून अधिक काळ चालू होता, आणि ती कोठे राहते हे सरकारला माहीत होते. २०१४ साली युरोपीय न्यायालयाने ठरवले की, इतकी वर्षे पाहत राहून मग कुटुंब मोडण्याचा अधिकार सरकारला उरत नाही.

सरकारांची बाजू

या विषयात केवळ सहानुभूतीने बोलून भागणार नाही. सरकारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जो मुलगा नियमाने थांबला, मुदत संपताच गावी परतला, पुन्हा रांगेत उभा राहिला, त्याच्याशी न्याय करायचा असेल, तर नियम मोडणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागू नये, असे म्हणता येणार नाही. शिवाय खोट्या विवाहांचा बाजार ही कल्पित गोष्ट नव्हे. या बाजाराला आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९८६ साली कायदा केला आणि नव्या विवाहाच्या आधारे मिळणारा वास्तव्याचा दर्जा पहिली दोन वर्षे सशर्त ठेवला; प्रवेशासाठी खोटा विवाह केल्याचे एकदा सिद्ध झाले, की पुढे खऱ्या विवाहाच्या आधारे केलेला अर्जही मंजूर होत नाही. परदेशी राहणाऱ्या नवऱ्यांनी इकडच्या मुलींशी लग्ने लावून त्यांना वाऱ्यावर सोडल्याच्या कहाण्या महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीत. दाराशी पहारेकरी असावा, याबद्दल दुमत होऊ नये. वाद आहे तो पहारेकऱ्याने काय पाहावे, याबद्दल.

आणि येथेच या सर्व कायद्यांतून निघणारे एक सूत्र स्पष्टपणे मांडले पाहिजे. मुदत चुकणे ही एक गोष्ट आहे, फसवणूक ही दुसरी. पहिली परिस्थितीतून घडते. दुसरी निश्चयाने केली जाते. पहिलीची शिक्षा काळाने फिटते, माफीने सौम्य होते, खऱ्या संसाराच्या वजनाने हलकी होते. दुसरीची शिक्षा अर्जदाराची सावली होऊन राहते, कारण ती त्याच्या शब्दावरचा विश्वासच काढून घेते. आणि जोडीदार व्हिसा हा सर्वस्वी विश्वासाचा व्यवहार आहे. दोन माणसांचे नाते खरे आहे, हे सांगणारा साक्षीदार तो अर्जदारच असतो. पहिल्या पानावर जुना नियमभंग लपवणाऱ्याचे दहाव्या पानावरील प्रेम कोणी खरे मानावे?

दाखल्यांची सोय

दुर्दैवाने आपल्याकडची वहिवाट नेमकी उलट शिकवते. ‘तो रकाना ‘नाही’ असा भरा, त्यांना काय कळते?’ हा सल्ला देणारे दलाल तालुक्या-तालुक्यांत दुकाने थाटून बसले आहेत. बोटांचे ठसे आणि विमान-प्रवासाच्या नोंदी जतन होतात, कित्येक देश त्यांची परस्परांत देवघेव करतात, हे त्या दुकानांत सांगितले जात नाही. रोजगारासाठी परदेशी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. विद्यार्थी-व्हिसाचा वा जोडीदार-व्हिसाचा ‘सल्ला’ विकणारा मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. खोटे लिहून देणाऱ्याची फी वसूल होते; त्या खोट्याची दहा वर्षे अर्जदाराला भोगावी लागतात.

यात दोष केवळ दलालाचा नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमानुसार गावातील विवाहाची नोंद ग्रामसेवक करतो. विवाहानंतर ९० दिवसांत विहित नमुन्यात अर्ज द्यावा, वधूवरांनी समक्ष हजर राहावे, तीन साक्षीदारांनी सह्या कराव्यात, अशी रीत आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तर सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला. तरीही लग्नाचा थाट दोन हजार पानांचा आणि नोंदणी मात्र ‘लागेल तेव्हा करू’ या सदरात, हा आपला परिपाठ आहे. मग व्हिसाची वेळ आली की धावपळ सुरू होते. तारीख थोडी मागे घ्या, पत्ता थोडा बदला, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळवून घ्या, अशा विनंत्या होतात. ओळखीपाळखीने, कधी निव्वळ भिडेपोटी, त्या मान्यही होतात. विनंती करणाऱ्याला आणि मान्य करणाऱ्याला, दोघांनाही वाटते की हे उपकाराचे काम झाले.

हा उपकार नाही. निरवांगीच्या ग्रामपंचायतीत वा बारामतीच्या एखाद्या कार्यालयात भिडेने लिहिलेली एक तारीख सिडनीत वा लंडनमध्ये ‘बनावट कागद’ या शीर्षकाखाली वाचली जाते. ज्या मुलाचा दोष फक्त मुदत चुकवण्याचा होता, त्याला तो कागद फसवणूक करणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवतो. एका वर्षाची शिक्षा दहा वर्षांची होते, ती अशा चांगुलपणाने. शिक्षक आणि कारकून या वर्गाच्या हातातील लेखणीचे सामर्थ्य किती आहे, हे या एका उदाहरणावरून कळावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख, नावाचे एकसारखे लेखन, विवाहाची वेळच्या वेळी केलेली नोंद, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर पुढे एखाद्या मुलीचे नांदणे अवलंबून असते.

अर्जदारासाठी यातून निघणारा मार्ग कठीण असला तरी सरळ आहे. जे घडले ते तारखांसह सांगावे. का घडले, याचा पुरावा द्यावा: संस्था बंद पडली असेल तर तिचे पत्र, आजारपण असेल तर रुग्णालयाचे कागद. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल तर तेही सांगावे. जेथे शक्य असेल तेथे कारवाईची वाट न पाहता स्वखर्चाने परत फिरावे. मात्र अमेरिकेसारख्या देशात परत फिरण्यानेच बंदी लागू होते, म्हणून जाणत्या, परवानाधारक वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून विमानात बसू नये. आणि संसार खरा असल्याचे पुरावे, म्हणजे एकत्र राहिल्याचे कागद, खर्चाचे व्यवहार, दोन्ही घरच्यांच्या भेटीगाठी, पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत. खऱ्या विवाहाला पुरावा कशाला, असा अभिमान येथे कामाचा नाही.

आपल्या दारातील पहारेकरी

इतरांच्या कायद्यांची चिकित्सा करताना आपला कायदा काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला सात वर्षे भारतात सामान्यतः वास्तव्य केल्यावर नोंदणीने नागरिकत्व मागता येते. परंतु नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने आलेल्या व्याख्येनुसार रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेली व्यक्ती ‘अवैध स्थलांतरित’ ठरते, आणि अवैध स्थलांतरिताला हा मार्ग मोकळा नाही. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या दर्जासाठी विवाहाची नोंदणी आणि तो अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असणे आवश्यक आहे, शिवाय सुरक्षाविषयक पूर्वमंजुरीही लागते. परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ निरंकुश आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर प्रकरणात सांगितले. १९९१ साली, अनेक वर्षे भारतात राहिलेल्या बेल्जियन मिशनरी लुई द राएत यांच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा म्हटले की, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे. भारतात वास्तव्य करण्याचा मात्र नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्यात मुदतीपलीकडे राहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद व तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बनावट पासपोर्ट वा व्हिसा वापरल्याबद्दल दोन ते सात वर्षे कैद व एक ते दहा लाख रुपये दंड आहे. म्हणजे चूक आणि फसवणूक यांतला भेद आपल्या विधिमंडळालाही मान्य आहे. हाच भेद नागरिकत्वाच्या कायद्यात मात्र पुसला जातो. मुदत चुकवलेली भारतीयाची पत्नी आणि बनावट कागदावर शिरलेला तस्कर, दोघेही तेथे एकाच शब्दात बसतात. अमेरिकेने आमच्या मुलांना माफीची संधी द्यावी असे म्हणणाऱ्यांनी आपल्या सुनांना आणि जावयांना तशी संधी का नसावी, याचे उत्तर दिले पाहिजे.

जुनी नोंद माणसाचा पिच्छा किती पुरवते, याचे एक उदाहरण मराठी माणसाने तरी विसरू नये. वर्ध्याला जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतील क्रांतिकारक. पुढे ते मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले, मका आणि गहू यांवर त्यांनी काम केले, बेल्जियन स्त्रीशी विवाह करून संसार मांडला. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तेव्हा तो प्रथम नाकारला गेला, कारण ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते! ज्या राज्याविरुद्ध त्यांनी बंड केले ते राज्य बुडाले. त्या राज्याची यादी मात्र नव्या राज्याच्या फायलीत जिवंत राहिली. पुढे ती चूक दुरुस्त झाली. ते परतले, नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ साली तेथेच वारले. त्यांचा गुन्हा हा गुन्हा नव्हता, आणि आजच्या मुदत चुकवलेल्या विद्यार्थ्याची त्यांच्याशी तुलना करण्याचे कारण नाही. तात्पर्य एवढेच की, नोंद स्वतःहून कधीच मरत नाही. ती केव्हा मिटवायची, हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवावे लागते.

तेव्हा मागणी अवास्तव नाही. नियम मोडणाऱ्याला शिक्षा असावी, पण तिला मुदत असावी. विवाह खरा आहे असे सिद्ध झाल्यावर जुन्या मुदतभंगाची माफी देण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला द्यावा, आणि नकार दिला तर त्याने कारणे लिहून, ठरावीक काळात द्यावा. मुलांचे हित आईबापांच्या हालांची पुरवणी म्हणून नव्हे, तर स्वतंत्रपणे मोजावे. फसवणुकीला मात्र या सवलतीत थारा नसावा. भारत सरकारने हे तत्त्व आधी स्वतःच्या कायद्यात आणावे. मग इतर देशांच्या दारात उभे राहून बोलताना त्याच्या शब्दाला वजन येईल. व्हिसाचा सल्ला विकणाऱ्या दुकानांना नोंदणी आणि जबाबदारी लागू करावी. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या गुणपत्रिकेबरोबर, व्हिसाच्या अटी म्हणजे काय आणि त्या मोडल्यास काय होते, एवढे चार शब्द सांगण्याचे काम बारामती-इंदापूरची महाविद्यालये खर्चावाचून करू शकतील.

आणि गावाने एक काम करावे. परदेशात अडकलेल्या मुलाची कुचाळी करण्याऐवजी, किंवा त्याला खोट्या दाखल्याची मदत करण्याऐवजी, त्याला खरे सांगण्याचे बळ द्यावे. मुदत चुकली, हे मान्य केल्याने घराण्याची अब्रू जात नाही. ते लपवण्यासाठी लिहिलेल्या खोट्याने ती जाते, आणि बरोबर संसारही जातो. नीरेपलीकडची सोयरीक करताना वडीलधारी मंडळी मुलाचा एखादा दोष असेल तर तो बैठकीतच उघड करत, कारण लपवलेला दोष लग्नानंतर निघाला तर तो दहापट मोठा होतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. समुद्रापलीकडच्या सोयरिकीलाही याहून वेगळा नियम नाही.